लाकूड आणि माप : भारतीय सुतारकामाच्या पायाभूत ज्ञानाचा इतिहास

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता याव्यात :

१. भारतात लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ मोजण्याच्या पद्धती सुतारकामाशी कशा जोडल्या गेल्या.
२. एकच ओंडका वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या रीतीने का मोजला गेला आणि त्यामुळे कोणाला काय मिळाले.
३. लाकूड कोणत्या दिशेला किती आकसते आणि कारागिरांनी त्यावर कोणते उपाय शोधले.
४. आजच्या वखारीत आणि कार्यशाळेत फूट, इंच, सूत आणि मिलिमीटर एकत्र का नांदतात.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, सुतारकाम शिकायला गेलेल्या नवशिक्याच्या हाती पहिल्या दिवशी बहुधा रंधा किंवा पटाशी दिली जात नाही. त्याला मोजायला सांगतात, फळी सरळ आहे का ते एका डोळ्याने पाहायला सांगतात, गुण्या लावून कोपरा तपासायला सांगतात. त्याच वेळी दुसरे शिक्षणही सुरू असते. हे साग, हे शिसव, हे आंब्याचे. ही गाठ, हा गाभा, ही तंतूंची दिशा. माप आणि लाकूड हे दोन धडे जोडीनेच शिकवावे लागतात. नुसते माप अचूक असले आणि लाकूड ओले असले, तर दोन महिन्यांनी ते माप खोटे ठरते. लाकूड उत्तम असले आणि माप चुकले, तर ते लाकूड वाया जाते.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत मापे बहुधा व्यापार आणि शेतसारा यांच्या प्रकरणांत येतात, तर लाकूड जंगल कायद्यांच्या प्रकरणात येते. कारागीर दोन्हीकडून सुटतो. या पाठात आपण या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहणार आहोत. वाचताना एक प्रश्न सतत मनात ठेवा : मोजणारा नेमके काय मोजतो आहे? झाड, ओंडका, फळी, वजन की श्रम? या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलले आहे.

२. बोट, वीत, हात : शरीरातून आलेली मापे

भारतीय उपखंडातील मोजपट्ट्यांचे सर्वांत जुने पुरावे सिंधू संस्कृतीचे आहेत. लोथल येथे हस्तिदंताच्या पट्टीचा एक तुकडा मिळाला. त्यावरच्या दोन रेघांमधील अंतर सुमारे १.७ मिलिमीटर आहे. मोहेंजोदडो येथे शिंपल्याची पट्टी मिळाली, तिचे भाग सुमारे ६.७ मिलिमीटरचे आहेत. विटांची उंची, रुंदी आणि लांबी यांचे १ : २ : ४ हे प्रमाण अनेक नगरांत सापडते. त्या काळचे लाकूडकाम जवळजवळ सगळे कुजून गेले आहे. तरीही एवढे निश्चित म्हणता येते की दीड-दोन मिलिमीटरपर्यंत मोजण्याची गरज आणि कुवत त्या समाजात होती.

लिखित स्वरूपातील तपशीलवार कोष्टक आपल्याला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मिळते. त्यात आठ यवमध्यांचे, म्हणजे जवाच्या दाण्यांच्या मधल्या रुंदीचे, एक अंगुल मानले आहे. दुसरी व्याख्या अशी की मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली जाडी म्हणजे एक अंगुल. बारा अंगुलांची एक वितस्ती, म्हणजे वीत. दोन वितस्तींचा एक हात, म्हणजे चोवीस अंगुले. देशभर पुढे हजारो वर्षे टिकलेली ‘चोवीस अंगुलांचा हात’ ही कल्पना इथे स्पष्ट दिसते.

पण याच कोष्टकात आणखी दोन मापे आहेत आणि आपल्या विषयासाठी तीच महत्त्वाची. सुतार आणि करवतकाम करणारे यांच्यासाठी बेचाळीस अंगुलांचा ‘किष्कु’ सांगितला आहे. तो लष्करी तळ, किल्ले आणि राजवाडे यांच्या कामात वापरायचा. जंगलातील मालासाठी मात्र चोपन्न अंगुलांचा वेगळा हात आहे. म्हणजे एकाच राज्यात घरगुती हात, सुताराचा हात आणि जंगलाचा हात अशी तीन वेगवेगळी मापे एकाच वेळी चालत होती.

हे गोंधळाचे लक्षण मानू नका. ज्या कामाला जे माप सोयीचे, त्या कामाला ते, अशी ही रचना आहे. तयार खुंटी अंगुलाने मोजता येते. उभे जंगल अंगुलाने मोजणे व्यर्थ आहे. मात्र या रचनेत एक धोकाही आहे. जंगलात चोपन्न अंगुलांच्या हाताने माल घेणारा आणि दुसरीकडे चोवीस अंगुलांच्या हाताने तो देणारा अधिकारी एकच असेल, तर हिशेब तपासणार कोण? लांबी आणि काळ यांच्या मापांसाठी अर्थशास्त्रात मानाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे, त्याचे महत्त्व इथे लक्षात येते.

शरीरावर आधारलेल्या मापांची दुसरी अडचण सर्वांना ठाऊक आहे : प्रत्येकाचे बोट सारखे नसते. यावर दक्षिणेत एक सार्वजनिक उपाय झाला. तमिळ प्रदेशातील अनेक मंदिरांच्या भिंतींवर किंवा जोत्यांवर मोजकाठीची लांबी दगडात कोरून ठेवलेली आढळते. वाद झाला तर काठी घेऊन तिथे जावे आणि पडताळून पाहावे. केरळात ‘कोल’ हे सुतारांचे आणि घरबांधणीचे माप आजही परंपरेत आहे. त्याचीही अंगुले चोवीसच, पण लांबी सुमारे ७२ सेंटीमीटर. उत्तरेकडचा चोवीस अंगुलांचा हात साधारण ४५ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. नाव आणि भागांची संख्या सारखी असली म्हणून माप सारखे असेलच असे नाही, हे यावरून लक्षात घ्या.

३. झाड ओळखणे : लाकडाचे वर्गीकरण

अर्थशास्त्रात जंगलातील उत्पन्नावर देखरेख करणारा कुप्याध्यक्ष आहे. त्याच्या यादीत कठीण लाकडाच्या झाडांचा वेगळा वर्ग केला आहे. त्यात साग, साल, अर्जुन, मोह, शिसव, शिरीष, खैर अशी आजही ओळखीची झाडे आहेत. बांबू-वेत, वेली आणि दोरासाठी साल देणारी झाडे यांचे वर्ग निराळे आहेत. हे वर्गीकरण वनस्पतिशास्त्राचे नाही. ते वापरावर आधारलेले आहे.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी आणि पलंग-आसनांसाठी कोणते लाकूड घ्यावे यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. पलंगासाठी सुचवलेल्या झाडांत चंदन, देवदार, साल, साग, शिसव ही नावे येतात. वीज पडलेले, वाऱ्याने किंवा पुराने पडलेले, हत्तीने पाडलेले, शेंड्याकडून वाळलेले झाड घेऊ नये असे सांगितले आहे. या नियमांना शकुन-अपशकुनाचे रूप दिलेले आहे आणि ते तसेच वाचले पाहिजेत. तरीही आजचा कारागीर यांतले काही नियम दुसऱ्या कारणाने मान्य करील. वीज पडलेल्या किंवा आपटून पडलेल्या झाडाच्या खोडात आतून भेगा असू शकतात. शेंड्याकडून वाळत आलेल्या झाडाला बहुधा रोग किंवा कीड लागलेली असते. निरीक्षण आणि श्रद्धा एकाच वाक्यात कशा नांदतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

निवड चांगली असेल तर लाकूड किती टिकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. दगडात कोरलेल्या लेण्याला त्या कमानींचा आधार लागत नव्हता. लाकडी इमारतींची सवय झालेल्या कारागिरांनी दगडातही लाकडी घराचे रूप आणले. आज आपण ज्या दगडी कमानी आणि खांब पाहतो, त्यांच्या मागे नष्ट झालेले सुतारकाम उभे आहे.

४. लीलावतीतील करवत : श्रमाचे गणित

आता आपण या पाठातील सर्वांत महत्त्वाच्या उदाहरणाकडे येऊ.

भारतीय गणितग्रंथांत ‘क्रकचव्यवहार’ नावाचा एक विषय असे. क्रकच म्हणजे करवत. सातव्या शतकातील ब्रह्मगुप्ताने गणिताचे जे आठ व्यवहार सांगितले, त्यांत मिश्रण, श्रेढी, क्षेत्र, खोदकाम, विटांची रास, धान्याची रास आणि छाया यांच्याबरोबर करवतकामही आहे. इ.स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी लिहिलेल्या लीलावतीत हा व्यवहार थोडक्यात पण नेमका मांडला आहे. (भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने स्थापन केलेल्या मठाला दान दिल्याचा इ.स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.)

लीलावतीतील उदाहरणाचा आशय असा : एका ओंडक्याची जाडी बुंध्याकडे २० अंगुले आणि शेंड्याकडे १६ अंगुले आहे. लांबी १०० अंगुले आहे. तो लांबीच्या दिशेने चार ठिकाणी चिरला. तर करवतीचे काम किती हात झाले?

रीत पाहा.

- सरासरी जाडी : (२० + १६) ÷ २ = १८ अंगुले
- एका कापाचे क्षेत्रफळ : १८ × १०० = १८०० वर्ग अंगुले
- चार काप : १८०० × ४ = ७२०० वर्ग अंगुले
- एक वर्ग हात : २४ × २४ = ५७६ वर्ग अंगुले
- उत्तर : ७२०० ÷ ५७६ = १२½ वर्ग हात

दुसऱ्या उदाहरणात लाकूड आडवे कापले आहे. रुंदी ३२ अंगुले, जाडी १६ अंगुले, नऊ काप. मग ३२ × १६ × ९ ÷ ५७६ = ८ वर्ग हात.

या गणितात काय मोजले आहे, ते नीट पाहा. ओंडक्याचे घनफळ मोजलेले नाही. किती फळ्या निघाल्या, हेही विचारलेले नाही. करवत लाकडातून जितक्या पृष्ठभागावर फिरली, तितके क्षेत्रफळ मोजले आहे. म्हणजे हे करवत ओढणाऱ्याच्या श्रमाचे माप आहे. एकाच आकाराच्या दोन ओंडक्यांपैकी एक दोनदा चिरला आणि दुसरा आठदा चिरला, तर घनफळ तेच राहते, पण काम चौपट होते. घनफळावर मजुरी देणारा मालक दुसऱ्या ओंडक्याच्या करवत्यावर अन्याय करील.

भास्कराचार्य इथेच थांबत नाहीत. वीटकाम, दगडकाम, खोदकाम आणि करवतकाम यांचा दर काम करणाऱ्यांच्या संमतीने ठरतो आणि पदार्थाच्या मऊपणा-कठीणपणावर अवलंबून असतो, असे ते नोंदवतात. क्षेत्रफळ गणिती ठरवू शकतो, दर नाही. कारण साडेबारा वर्ग हात आंबा चिरणे आणि साडेबारा वर्ग हात खैर चिरणे ही दोन वेगळी कामे आहेत. गणिताची मर्यादा कुठे येते आणि कारागिराच्या अनुभवाला कुठे मान द्यावा लागतो, हे बाराव्या शतकातील एका गणितज्ञाने दोन ओळींत सांगितले आहे.

५. गज, तसू आणि वजन : मध्ययुगीन व्यवहार

अकबराच्या काळात ‘इलाही गज’ हे प्रमाण माप ठरवण्यात आले. आईन-इ-अकबरीनुसार त्याची लांबी ४१ अंगुले होती. पुढे ब्रिटिशांनी उत्तर भारतातील महसुली मोजणीसाठी तो गज ३३ इंचांचा धरला. त्याच ग्रंथात बहात्तर प्रकारच्या लाकडांची यादी असून प्रत्येकाच्या एक घन गजाचे वजन दिले आहे. आज आपण ज्याला लाकडाची घनता म्हणतो, तीच ही कल्पना. इमारतखात्याला वाहतुकीसाठी किती बैलगाड्या लागतील आणि तुळईचा भार किती होईल, हे ठरवायला अशा यादीचा थेट उपयोग होतो.

मराठी प्रदेशात गजाच्या चोविसाव्या भागाला ‘तसू’ म्हणत. हा शब्द सुतार, गवंडी आणि शिंपी यांच्या तोंडी होता, तसाच महसुलातही होता. सभासदाच्या बखरीत शिवकालीन जमीनमोजणीची काठी पाच हात आणि पाच मुठी, एकूण ८२ तसूंची सांगितली आहे. हात १४ तसूंचा धरला आहे. शेतकऱ्याचे शेत आणि सुताराची फळी एकाच भाषेत मोजली जात होती. त्यामुळे महसुली काठी लांब-आखूड झाली तर गावातला कोणताही सुतार ते ओळखू शकत होता.

६. साग, जहाजे आणि जंगल

अठराव्या शतकात लाकडाचा इतिहास समुद्राकडे वळतो. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे सुमारे दीडशे वर्षे जहाजबांधणीत नाव राखले. इंग्लंडमध्ये ओकचे लाकूड दुर्मीळ होत चालले होते आणि सागाची जहाजे उष्ण समुद्रात अधिक टिकत. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले ‘ट्रिंकोमली’ हे मलबारी सागाचे लढाऊ जहाज १८१७ मध्ये मुंबई गोदीतून पाण्यात उतरले. ते आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे आणि अजूनही तरंगते आहे.

सागाच्या या मागणीने मलबारची जंगले उजाड झाली. म्हणून १८४० च्या दशकात मलबारचे जिल्हाधिकारी कोनोली यांनी चातू मेनन यांच्या साहाय्याने निलांबूर येथे सागाची लागवड सुरू केली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि त्यानंतर रुळांखालच्या स्लीपरांसाठी साल, देवदार आणि साग यांची मागणी प्रचंड वाढली. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस हे पहिले वन महानिरीक्षक झाले. त्याआधी ब्रह्मदेशात काम करताना त्यांनी ठरावीक रेषेने जंगलातून फिरत, झाडांचे घेरानुसार वर्ग पाडून सागाची गणना केली होती.

इथे माप एका नव्या कामाला लागले. आधी तोडलेले लाकूड मोजले जाई. आता उभे झाड मोजले जाऊ लागले, आणि जे मोजले गेले त्यावर सरकारने मालकी सांगितली. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी राखीव आणि संरक्षित जंगले ठरवली. नांगराला, बैलगाडीला, घराच्या वाशांना लागणारे लाकूड गावकरी पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या रानातून आणत होते. आता त्यासाठी परवाना किंवा पैसा लागू लागला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या धोरणाला विरोध केला. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथात जंगलखात्याच्या जाचावर टीका केली. गावच्या सुताराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता : ज्या लाकडाची त्याला पारख होती, तेच त्याच्या हाताबाहेर गेले.

७. ओंडका मोजण्याची नवी रीत

ब्रिटिश काळात गोल ओंडके मोजण्यासाठी ‘चौथाई घेरा’ची रीत रूढ झाली. एडवर्ड हॉपस यांनी १७३६ मध्ये इंग्लंडमध्ये तिची कोष्टके छापली होती. रीत सोपी आहे : ओंडक्याच्या मधोमध दोरीने घेर घ्या, त्याचा चौथा भाग काढा, त्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा.

समजा, घेर ४ फूट आणि लांबी १० फूट आहे. चौथाई घेर १ फूट. म्हणून घनफळ १ × १ × १० = १० घनफूट. पण वर्तुळाच्या सूत्राने खरे घनफळ काढले तर ते सुमारे १२.७३ घनफूट येते. म्हणजे या रीतीने ओंडका खऱ्यापेक्षा सुमारे २१½ टक्के लहान मोजला जातो. गोल ओंडक्यातून चौकोनी तुळई काढताना कडेचे लाकूड वाया जाते, ते आधीच वजा केले आहे, असे या रीतीचे समर्थन.

विकत घेणाऱ्याला हे समर्थन पटते. पण कडेच्या तुकड्यांतून जळण, पट्ट्या, खुंट्या निघतातच. त्यांची किंमत कोणाकडे गेली, हे मापात दिसत नाही. लीलावतीचे गणित आणि चौथाई घेराचे गणित शेजारी ठेवून पाहा. पहिले करवत्याचे काम मोजते, दुसरे व्यापाऱ्याचा माल मोजते. दोन्ही आपापल्या जागी उपयुक्त आहेत. एकाचा प्रश्न दुसऱ्या मापाने सोडवला, की कोणाचे तरी नुकसान होते.

चिरलेल्या लाकडासाठी वखारीत आजही चालणारी रीत अशी : लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. ८ फूट लांब, ६ इंच रुंद, १½ इंच जाड फळी म्हणजे ८ × ६ × १½ ÷ १४४ = ½ घनफूट. एवढे तोंडी करता येऊ लागले की वखारीतले बिल तुम्ही स्वतः तपासू शकता.

८. लाकूड आकसते : मापाला मिळालेले आव्हान

आतापर्यंत आपण असे धरून चाललो की लाकडाचे माप एकदा घेतले की ते कायम राहते. प्रत्यक्षात तसे होत नाही.

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतले पाणी आधी जाते. त्याने वजन कमी होते, आकार बदलत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसते. हे आकसणे तिन्ही दिशांना सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते नगण्य असते. गाभ्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, ते मध्यम असते. वार्षिक वलयांच्या कडेने ते सर्वांत जास्त असते. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरड्या अवस्थेपर्यंत सागात ते त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के असते. साग हा इतर पुष्कळ लाकडांपेक्षा स्थिर मानला जातो, तरीही ओल्या लाकडातून सपाट चिरलेली ६ इंची फळी १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळताना सुमारे ५ मिलिमीटरने, म्हणजे दीड सुताहून जास्त, अरुंद होते.

कारागिरांना ही टक्केवारी ठाऊक नव्हती, पण तिचा परिणाम पूर्ण ठाऊक होता. त्यांनी शोधलेले तीन उपाय लक्षात ठेवा.

पहिला, झाड उभे असतानाच वाळवणे. ब्रह्मदेशात आणि भारतात सागाच्या बुंध्याभोवती साल आणि बाहेरचे कोवळे लाकूड कापून कडे पाडत आणि झाड दोन-तीन वर्षे उभेच सोडत. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. त्यामुळे नदीतून ओंडके वाहून आणणेही शक्य होई.

दुसरा, फळी चिरण्याची दिशा निवडणे. त्रिज्येच्या दिशेने चिरलेली फळी कमी आकसते आणि कमी वाकते, मात्र तशा फळ्या काढताना लाकूड अधिक वाया जाते.

तिसरा, हलायला जागा ठेवणे. जुन्या वाड्यांची दारे पाहा. उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या चौकटीत खाच असते आणि मधली फळी त्या खाचेत नुसती बसवलेली असते, चिकटवलेली नसते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, पण चौकटीचे माप बदलत नाही. कारण चौकटीच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाहीत. कुसू आणि खाच यांचा हा सांधा म्हणजे लाकडाच्या स्वभावाचे ज्ञान आणि मापाचे ज्ञान यांची भेट आहे.

या अनुभवाला प्रयोगशाळेचे रूप विसाव्या शतकात मिळाले. डेहराडून येथे १८७८ मध्ये वनविद्यालय आणि १९०६ मध्ये वनसंशोधन संस्था सुरू झाली. गॅम्बल यांचा भारतीय लाकडांवरील ग्रंथ १८८१ मध्ये आला. पुढे भारतीय मानकांनी हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून प्रत्येक विभागात लाकडात किती ओलावा चालेल हे ठरवले. राजस्थानात नीट बसणारा दरवाजा कोकणात अडकतो, याची ही अधिकृत नोंद म्हणता येईल.

९. मीटर आला, सूत राहिले

स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा करून दशमान पद्धत स्वीकारली. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, १९५८ पासून नवी वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत हा बदल देशभर झाला. शेकडो स्थानिक मापांच्या जागी एकच माप आल्यामुळे गावाबाहेर माल विकणाऱ्या आणि घेणाऱ्या सामान्य माणसाची फसवणूक अवघड झाली, हा या बदलाचा मोठा लाभ.

सुतारकामात मात्र दोन्ही पद्धती शेजारी राहिल्या. प्लायवूडच्या एकाच तक्त्याची लांबी-रुंदी ८ × ४ फूट सांगतात आणि जाडी ६, १२ किंवा १८ मिलिमीटर. इंचाच्या आठव्या भागाला आजही सूत म्हणतात. एक सूत म्हणजे सुमारे ३.१८ मिलिमीटर. यामागे केवळ सवय नाही. इंचाचे अर्धे, पाव, अर्धपाव असे भाग कंपास किंवा दोरी घेऊन डोळ्यांनी पाडता येतात. मिलिमीटरची बेरीज-वजाबाकी मात्र कागदावर सोपी पडते. आखणी करताना एक पद्धत निवडा आणि काम संपेपर्यंत तीच ठेवा. एका बाजूला सूत आणि दुसऱ्या बाजूला मिलिमीटर घेतले, तर प्रत्येक रूपांतरात थोडी चूक शिरते आणि चार कोपऱ्यांवर मिळून ती दिसू लागते.

करवत स्वतःही लाकूड खाते, हेही हिशेबात धरा. पाते ३ मिलिमीटर रुंद काप पाडत असेल, तर चार कापांत १२ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. लीलावतीतील ओंडक्यातून चार कापांनी पाच फळ्या निघतील, पण पाचही फळ्यांची जाडी मिळून मूळ ओंडक्याएवढी भरणार नाही.

१०. सारांश

- भारतात मापे शरीरातून आली, पण ती मंदिराच्या भिंतीवर, राजाच्या आदेशात आणि कायद्यात स्थिर करावी लागली.
- प्राचीन राज्यात कामानुसार वेगवेगळे ‘हात’ होते. सुताराचा हात आणि जंगलाचा हात एक नव्हता.
- क्रकचव्यवहारात श्रम मोजला आहे, चौथाई घेरात माल, तर १८६५ नंतरच्या वनगणनेत मालकी.
- लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. सुतारकामातील बहुतेक सांधे याच एका गोष्टीचे उत्तर आहेत.
- मापाची पद्धत निवडणे हा तांत्रिक निर्णय असतो, तसाच तो सामाजिक निर्णयही असतो.

११. स्वाध्याय

१. एका ओंडक्याची जाडी बुंध्याकडे २८ अंगुले, शेंड्याकडे २० अंगुले आणि लांबी १२० अंगुले आहे. तो लांबीच्या दिशेने सहा ठिकाणी चिरला. करवतकाम किती वर्ग हात झाले? (उत्तर : ३०)

२. घेर ६ फूट आणि लांबी १२ फूट असलेल्या ओंडक्याचे चौथाई घेराच्या रीतीने घनफळ काढा. वर्तुळाच्या सूत्राने काढलेल्या घनफळाशी तुलना करा आणि फरकाचा लाभ कोणाला होतो ते लिहा.

३. तुमच्या घरातील किंवा महाविद्यालयातील एक जुना लाकडी दरवाजा पाहा. कोणते लाकूड लांबीच्या दिशेने आणि कोणते आडवे वापरले आहे, ते आकृती काढून दाखवा. मधल्या फळीला हलायला जागा ठेवली आहे का?

४. तुमच्या भाषेत आणि तुमच्या जिल्ह्यात सुतार, शिंपी किंवा गवंडी यांच्या तोंडी असलेल्या लांबीच्या मापांची नावे जमवा. प्रत्येकाची आजच्या मिलिमीटरमध्ये लांबी प्रत्यक्ष मोजून नोंदवा.

५. ‘करवतकामाचा दर कामगारांच्या संमतीने आणि लाकडाच्या कठीणपणावरून ठरावा’ या भास्कराचार्यांच्या मताची आजच्या ठेका पद्धतीच्या मजुरीशी तुलना करा. (सुमारे २०० शब्द)